बाराव्या ओळीवरची घंटा

आयुष्यात मी एकाच माणसावर सूड उगवला आहे. पण तो इतका मन लावून, इतक्या टापटिपीने आणि इतक्या शुद्ध मराठीत उगवला आहे की त्याबद्दल कुणी शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला, तर मी अजिबात आढेवेढे घेणार नाही.

मुलुंड पूर्वेला आमच्या घराजवळच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कविकट्टा भरतो. एका कवीला एक कविता आणि तीन मिनिटं. वेळ संपली की संयोजक टेबलावरची पितळी घंटा वाजवतात. हे संयोजक बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, झब्ब्यावर जाकीट घालणारे, आणि घंटा अशी उचलायचे की समोरच्याला वाटावं, आपल्याला शिक्षाच सुनावतायत.

आठ वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले. कविता बाबांवर होती. बाबा बस कंडक्टर. निवृत्त झाल्यावरही तिकिटांना भोक पाडायचा चिमटा खिशात घेऊन फिरायचे आणि घरात आलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेला भोक पाडायचे. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. कविता सोळा ओळींची. मी बारावी ओळ वाचली, 'आज पेटी उघडली, एकही तिकीट शिल्लक नव्हतं', आणि श्वास घेतला.

टण!

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"इथंच थांबा ताई," संयोजक म्हणाले. "आणखी ऐकवलंत तर चहा गार होईल."

सगळे हसले. मीही हसले, ते मला आजवर माफ करता आलेलं नाही. उरलेल्या चार ओळी तशाच पर्समध्ये घालून मी घरी आले, आणि त्या ओळी त्या हॉलमध्ये, त्या माणसासमोर, संपूर्ण वाचल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवलं.

"अगं, एवढं काय त्यात?" नवरा म्हणाला.

"तुझ्या बाबांवर कुणी घंटा वाजवली असती म्हणजे कळलं असतं."

तो उठून चहा टाकायला गेला. चांगला माणूस आहे.

त्यानंतर मी कट्ट्याकडे फिरकले नाही. मग परवाच्या उन्हाळ्यात फोन आला. "मॅडम, आपण घाटकोपरच्या शाळेत मराठी शिकवता ना? शाळेचा अंक काढता? माझी पंचाहत्तरी आहे डिसेंबरात. त्या दिवशी पहिला संग्रह यावा अशी इच्छा आहे. कुणीतरी परखड नजरेनं बघायला हवं." आवाज ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. मला मात्र त्यांनी ओळखलं नव्हतं. फोनवर नाही, आणि गुरुवारी दारात उभे राहिले तेव्हाही नाही. सोफ्यावर बसून म्हणाले, "आपली पहिलीच भेट, नाही का?"

"पहिलीच," मी गोड हसले आणि चहात आलं जास्त किसलं.

हस्तलिखित चौसष्ट कवितांचं. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी ते अर्धं वाचलं आणि आनंदाने स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. वाईट होतं! नुसतं वाईट नव्हे, भरघोस वाईट. चंद्र तर असा पसरला होता की दोन पानं कोरडी जात नव्हती.

"मग काय, 'अप्रतिम, एकही शब्द बदलू नका' म्हण," नवऱ्याने सुचवलं. "छापू दे तसंच. वाट लागेल आपोआप."

सूचना मोहक होती. पण मी विचार केला, तेवढ्याने त्यांना कळणार कसं? ते खूश होऊन पुस्तकं वाटत हिंडतील. छे. मला त्यांच्या चेहऱ्यासमोर, एकेका ओळीवर, प्रामाणिकपणे, त्यांच्याच भल्यासाठी करायचं होतं. विधायक सूचना! या शब्दांत किती विष मावतं हे शिक्षकालाच ठाऊक.

पुढच्या गुरुवारी मी देवघरातली घंटा धुऊन टेबलावर ठेवली.

"माझी एक पद्धत आहे, सर. तुम्ही मोठ्यानं वाचायचं. शब्द खोटा वाटला की मी वाजवणार. कंडक्टरची मुलगी आहे मी. एकदा टण म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला पुढे."

"वा! घंटा तर आमच्याकडेही आहे," ते कौतुकाने म्हणाले. काही म्हणजे काही आठवलं नाही!

त्यांनी पहिली कविता काढली. "तू नसतेस तेव्हा घर बोलतं. तू नसतेस तेव्हा घर..."

टण.

"ही ओळ दोनदा का?"

"दोनदाच आहे. लिहिलंय तसं."

मी कागद ओढून घेतला. खरंच. प्रत्येक कवितेतली पहिली ओळ दोनदा लिहिलेली, आणि खाली थोडी जागा कोरी. कट्ट्यावर सगळे कवी पहिली ओळ दोनदा म्हणतात, दुसऱ्यांदा हात उंचावतात आणि कुणीतरी 'क्या बात है' म्हणेपर्यंत थांबतात. यांनी ती सवय कागदावर उतरवली होती.

"ही कोरी जागा?"

"दाद येते ना तिथं."

"पुस्तकात दाद कोण देणार, सर?"

"वाचक."

"घरात एकटा बसून?"

त्यांनी खरोखर विचार केला. "देईल की. एखादा देईल."

चौसष्ट पुनरुक्त ओळी मी त्या एका दुपारी लाल पेनने खोडल्या. इतकी शांत झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

असे सोळा गुरुवार गेले. टण, हे विशेषण कशाला. टण, हे तुम्ही कुठेतरी वाचलंय. ते घामाघूम व्हायचे, झब्ब्याच्या बाहीने कपाळ पुसायचे, आणि पुढच्या गुरुवारी चार वाजता पुन्हा हजर. एकदा तर मी सलग नऊ कविता पहिल्याच ओळीवर थांबवल्या. बेल दाबून आलेली शेजारीण म्हणाली, "आज कसली पूजा गं?"

"पंचाहत्तरीची शांत," मी म्हटलं.

अडचण एकच झाली. माणूस सुधारायला लागला.

आरे कॉलनीवर त्यांची एक कविता होती. वडील तिथे तबेल्यात कामाला, ते तिथेच वाढलेले. 'आईच्या हाती चंद्र चांदीचा' असं काहीतरी ते म्हणाले.

टण. "चंद्र काढा."

"मग उरलं काय?"

"आईच्या हातात खरोखर काय होतं?"

 "बाटलीचं झाकण," ते म्हणाले. "दुधाच्या बाटल्यांची ती पातळ चकचकीत झाकणं असायची. आई ती धुऊन, दोऱ्यात ओवून गणपतीला हार करायची."

"मग तेच लिहा ना!" मी ओरडले. त्यांनी पेन्सिलने लिहिलं आणि वाचलं. आणि माझा हात मला न विचारता दोनदा हलला. टण टण. त्यांनी असं काही माझ्याकडे पाहिलं की मी घंटा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

डिसेंबरात संग्रह आला. चौसष्टांतल्या एकोणीस कविता उरल्या होत्या. कट्ट्यावर त्यांनी झाकणांची कविता वाचली. ओळ एकदाच म्हटली, हात खालीच ठेवला.  मग टाळ्या. मला भयंकर राग आला, कारण कविता चांगली होती आणि ती मी चांगली केली होती.

मग ते माइकवर म्हणाले, "या मॅडमनी मला चार महिने झोडपून काढलं. आज त्यांनी आपली एक कविता वाचावी. आणि आज मी मधे घंटा वाजवणार नाही."

आठ वर्षं! पर्समध्ये कागद तयारच होता. मी उठले, पदर सावरला, आणि बाबांची कविता पहिल्या ओळीपासून सुरू केली. चिमटा, पत्रिका, भोकं. बारावी ओळ आली. 'आज पेटी उघडली, एकही तिकीट शिल्लक नव्हतं.' श्वास घेतला आणि तेरावीकडे पाहिलं.

'हे पितृदेवा, तुझ्या स्मृतींचा सागर माझ्या नेत्री दाटतो.'

खाली आणखी तीन ओळी. त्यांत एक चंद्रही होता.

चार महिने दुसऱ्याच्या कवितेवर वाजवलेली घंटा माझ्या डोक्यात वाजली. टण. मी कागदाची घडी घातली.

 मी मधेच अडलेय असं संयोजकांना वाटलं असावं. त्यांनी सवयीने घंटा उचलली आणि दोनदा वाजवली. चला, पुढे.

"संपली," मी म्हटलं.

"क्या बात है," मागून कुणीतरी पुटपुटलं.

चहा घेताना ते माझ्याजवळ आले. "मॅडम, शेवट काय झकास साधलाय! बरोब्बर जागेवर थांबलात. कुणी सुचवलं का?"

"छे हो," मी बिस्कीट बुडवत म्हटलं. "माझं मलाच."

खरं, म्हणजे त्या जागेवरची पहिली घंटा कुणाची होती ते, मी त्यांना सांगितलेलं नाही. ते शंभर वर्षं जगोत, तरी सांगणार नाही.