पात्याची आंघोळ

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. कारण मी जे करून बसलो ते ऐकून आमच्या व्याह्यांना ठसका लागला होता!

रिटायर झालो आणि सेकंडहँड टेबल सॉ घेतली. म्हणजे काय, तर लोखंडी टेबल, मधोमध फट आणि फटीतून वर आलेलं गोल करवतीचं पातं. बटण दाबलं की गरगर फिरतं. भाईंदरच्या गोडदेव भागात आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या शेडमध्ये ती ठेवली आणि जोशात सांगून टाकलं, ‘जयंतीच्या आत विहाराच्या अभ्यासिकेला पुस्तकांचं कपाट मी करून देतो!’

आता मला खोड अशी, की कुठलीही वस्तू खोलून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पात्यावर लाकडाची राळ चिकटून काळी पुटं चढलेली. म्हटलं, साफ केलं तर किती फरक पडेल? प्लग काढला, नट सोडवला, पातं घरी आणलं आणि परातीत सोड्याच्या कोमट पाण्यात भिजत घातलं.

रंजना, म्हणजे आमची बायको, किचनमधून ओरडली, “अहो, ती पुरणाची परात आहे!”

“कपाट विहाराचं आहे,” मी म्हणालो. पण परात नवी आणावी लागली, ते सोडा.

चकचकीत पातं परत बसवलं. गॉगल, जाड हातमोजे, सगळा सरंजाम. बटण दाबलं, फळी पुढे सरकवली. आणि काय? कापायचं नावच नाही! नुसती किंचाळी आणि करपट धूर. शेड नव्हे, भट्टी!

मला वाटलं, फळीच खराब. रिक्षा केली आणि तडक भाईंदर पश्चिमेला लाकडाच्या वखारीत.

“शेठ, लकडी में मिलावट है!”

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. “काका, लकडी है, दूध थोडी है!”

तरी बिचाऱ्यांनी फळी बदलून दिली. तिचाही धूर! मग मला शंका आली व्होल्टेजची. वायरमनला बोलावलं. त्यानं तपासायला मेन स्विच पाडला, तर अभ्यासिकेतले पंखे बंद. परीक्षेची पोरं घामाघूम होऊन बाहेर आली आणि माझ्याभोवती उभी राहिली. जयंतीला उरले आठ दिवस!

शेवटी पेणकरपाड्याच्या म्हात्रेमामांना फोन केला. जन्म सुतारकामात गेलेला माणूस. मामा आले ते आधी माझ्यावरच घसरले.

“हातमोजे काढा पयले! धागा दातात गावला का अख्खा हात आत खेचंल. आन् पात्याच्या समोर न्हाय, बाजूला उभं ऱ्हावा. फळी उसळली का सरळ पोटात!”

मी मोजे काढले. मामांनी प्लग निघालाय ना, ते स्वतः बघितलं आणि मग वाकून पातं न्याहाळलं.

“काका, वरच्या दातांची तोंडं कुनीकडं हायेत?”

“भिंतीकडे.”

“तुमच्याकडं पायजेत! पातं उलटं बसवलंय तुमी!”

मी म्हटलं, “गोल तर आहे मामा, दोन्ही बाजूंनी सारखंच!”

पोरं खो खो हसली. मामांनी पातं पलटून लावलं, प्लग जोडला, फळीमागे ढकलायला एक लाकडी काठी दिली आणि म्हणाले, “आता बोटं लांब ठेवून सरकवा.” सर्रकन दोन तुकडे! कपाट होणार म्हणून मी मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात मामांना काही सुचलं. “पन पात्यावर लाल बाण असतोय की, कसं फिरतं त्ये दाखवायला! तो दिसला न्हाय?”

रंजना डबा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

आता मामांना कसं सांगू, की बाकीची राळ दहा मिनिटांत निघाली होती आणि तो एकच हट्टी लाल डाग घालवायला मला पाऊण तास घासावं लागलं!