मुका बेडूक

कारखान्यात त्यांना सगळे टोपणकाका म्हणत. टोपणं बनवणाऱ्या माणसाला टोपणनाव तरी दुसरं कुठलं मिळणार? पण ही टोपणं पेनाची नव्हेत, पेन्सिलीची. आणि तीही साखरेची. पेन्सिलीच्या मागच्या टोकावर घट्ट बसवायची रंगीत गोळी. कधी ससा, कधी घुबड, कधी लाल नाकाचा जोकर. पोरांनी ती आधी वर्गात मिरवायची, मग चोरून चाटायची आणि शेवटी कडाकडा चावून संपवायची. असल्या फुटकळ वस्तूवर एका माणसाचं अख्खं आयुष्य जाऊ शकतं, हे कुणाला खरं वाटणार नाही. टोपणकाकांचं गेलं, आणि त्यांना त्याचा चांगलाच तोरा होता.

कारखाना म्हणजे एकापाठोपाठ एक तीन खोल्या. पहिलीत पाकाची कढई, दुसरीत साचे, तिसरीत डबे भरायचं टेबल. फरशीवर साखरेचा इतका थर बसलेला, की नवीन माणसाची चप्पल जागच्या जागी राहायची आणि माणूस पुढे जायचा. दुसऱ्या खोलीत खिडकीशी काकांचं स्टूल. त्यावर दुसरं कुणी बसलं की काका काही बोलत नसत, नुसते समोर येऊन उभे राहत. बसलेला आपोआप उठायचा. राग कायम नाकावर, आणि कानावर पेन्सिल. तिच्या टोकाला त्या दिवशीचं टोपण. पिकल्या केसांतून ससा डोकावतोय हे बघून पाकवाला रोज एकदा तरी हसायचा. पाकवाला म्हणजे कढईवरचा माणूस, काकांचा जुना दोस्त. दोघांचं भांडण रोजचं आणि डबाही एकत्रच.

काकांच्या टोपणाची एक खूण होती. त्याला आरपार भोक असायचं. पाक साच्यात ओतला की काका खालून सळई दाबत. तिच्यामुळे पेन्सिलीसाठी खोबण व्हायची, आणि सळईचं बारीक टोक पार वरच्या साच्याला जाऊन टेकायचं, म्हणून डोक्यावर छिद्र राहायचं. पेन्सिलीवरून काढून फुंकलं की टोपण शिट्टी मारायचं. दर ट्रेमधलं एक टोपण काका ओठांना लावत. शिट्टी वाजली की ट्रे पुढे. नाही वाजली की सगळा माल परत कढईत. लोकांना वाटायचं, ही म्हाताऱ्याची हौस. पोरांनाही शिट्टी आवडायची, त्यामुळे मालकही काही बोलत नसत.

ती हौस नव्हती. काकांना एक धाकटा भाऊ होता. अभ्यास करताना पेनाचं टोपण दातांत धरून बसायची त्याला सवय. एका दुपारी आईने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर टोपण पूर्ण तोंडात. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अरे थुंक! थुंक आधी ते!" पोरगं दचकलं. दचकलेलं मूल आधी श्वास आत ओढतं. श्वासाबरोबर टोपणही गेलं, आणि त्या टोपणाला हवा जायला भोक नव्हतं. काका तेव्हा शेजारीच पाढे लिहीत बसले होते. आई त्यानंतर पुष्कळ जगली, पण तिचा आवाज पुन्हा कधी चढला नाही. दूध उतू जाताना दिसलं तरी ती हळूच म्हणायची, "अरे, दूध बघ."

हे काकांनी पाकवाल्याला एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही.

मग बेडूक आला. मालकांनी डब्यावर छापायला नवं चित्र काढून घेतलं होतं: हिरवागार बेडूक, गाल फुगवून हसणारा. काकांनी साचा कोरला आणि असा कोरला, की स्वतःच त्याच्या प्रेमात पडले. पापण्यासुद्धा आल्या होत्या. फक्त कपाळाच्या मधोमध भोक.

"काका, याला गोळी घातल्यासारखं दिसतंय," मालक म्हणाले. "असला बेडूक कोण घेणार? भोक बुजवा."

"भोक राहणार, मालक. नाहीतर दुसरा कारागीर बघा."

पण त्या दिवशी काका बेडकाकडे बघतच राहिले. खरं सांगायचं तर ते भोक त्यांच्याही डोळ्यांत खुपत होतं. इतकी वर्षं ससे-घुबडं केली, पण असा चेहरा कधी उतरला नव्हता. मग तोड त्यांनीच काढली. सळई केसभर आखूड केली. आता ती वरच्या साच्याला टेकायची नाही, मध्ये साखरेचा पापुद्रा राहायचा, कांद्याच्या सालीइतका. दोनदा चाटलं की पापुद्रा विरघळला, भोक मोकळं. चेहरा शाबूत आणि शिट्टीही शाबूत. मालक खूश झाले आणि काका त्याहून खूश. मनात शंकेची पाल चुकचुकली नाही असं नाही, पण बेडूक हसत होता, आणि काकांनी तिकडे कानाडोळा केला.

पापुद्रा किती ठेवायचा, हे सगळं सळई दाबणाऱ्याच्या अंगठ्यात होतं. काकांचा अंगठा चुकत नसे. नेमकं त्याच सुमारास काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. सळया पाकवाल्याच्या हाती सोपवून काका डोळ्याला पट्टी बांधून घरी बसले.

घरी मुलगा, सूनबाई आणि नात. नात चिवचिव करायची म्हणून तिला चिमणी म्हणत, पहिलीतली पोर. आजोबांना पट्टी बांधलेली बघून ती लगेच डॉक्टर झाली. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "आ करा. अजून मोठा. जीभ बाहेर." काका निमूटपणे आ करत. मग तिची पाळी, तीही आ करायची आणि काका पडजीभ बघून गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आत एक बेडूक बसलाय." ती खिदळायची. काकांना वाटे, डोळा बरा नाही झाला तरी चालेल.

पट्टी सुटली आणि काका कामावर निघाले, त्या सकाळी चिमणी दूध पिता पिता म्हणाली, "आजोबा, तुमचा बेडूक शिट्टीच मारत नाही."

"चाटायचा कंटाळा करत असशील."

"नाही हो! खूप चाटला. आमच्या वर्गात कुणाचाच वाजत नाही. सगळे त्याला मुका बेडूक म्हणतात."

"बाबा, तिला असलं काही देऊ नका बाई," सूनबाई आतून म्हणाली. "दात किडतील."

"मी कुठे दिला? शाळेसमोरच्या दुकानातून घेते ती." काका हसले, चप्पल घालून बाहेर पडले. गल्लीच्या टोकापर्यंत ते हसणं टिकलं. मग त्यांचा पाय आपोआप भरभर पडायला लागला.

कारखान्यात कुणाशी न बोलता ते तिसऱ्या खोलीत गेले. टेबलावर बेडकांचा ट्रे होता. त्यांनी एक उचलला, दोनदा चाटला, फुंकला. हवा गालातच राहिली. पुन्हा चाटला, अगदी पोरासारखा चोखला, पुन्हा फुंकला. मग दुसऱ्या खोलीत येऊन त्यांनी तो आपल्या खिडकीशी धरला. पापुद्र्यातून उजेडाचा ठिपका दिसायला हवा होता. बेडकाचं कपाळ गच्च हिरवं होतं.



"अरे, आलास का!" पाकवाला कढईवरून हात पुसत आला. "बघ, बेडकाचा चेहरा कसा उतरलाय. तुझ्यापेक्षा सरस. आधी सालं कपाळच फुटत होतं. मालकांनी एक ट्रे परत पाठवला. मग मी सळई जरा हलक्या हाताने दाबली, आता एकही फुटत नाही."

"वाजवून बघितलास?"

"वाजवायचं कशाला? दिसतोय की चांगला." बोलता बोलता त्याची नजर काकांच्या चेहऱ्यावर गेली आणि त्याला ती एकदाच ऐकलेली गोष्ट आठवली असावी. तो मटकन स्टुलावर बसला. काकांच्या स्टुलावर. काकांनी त्याला उठवलं नाही.

मालक तसे वाईट नव्हते. ऐकलं तसा त्यांनी फोन उचलला आणि एकेका दुकानदाराला माल काढून ठेवायला सांगू लागले. "काका, घाबरू नका, अजून कुठून काही तक्रार नाही," असंही म्हणाले. पण शाळेसमोरचा दुकानदार फोन उचलेना. काका वाट बघत थांबलेच नाहीत.

आयुष्यात ते कधी धावले नव्हते. आता नुकत्याच उघडलेल्या डोळ्याला ऊन बोचत होतं आणि ते धावत होते. पेन्सिल चावायची सवय कुठल्या पोराला नसते? आणि खोबण ओली झाली की टोपण सैल पडतं, चावता चावता सुटून जिभेवर येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून तर ते भोक होतं. एका हसऱ्या चेहऱ्यापायी आपण ते बुजवलं. पाकवाल्याने नाही, मालकांनी नाही. आपण.

दुकानातली बरणी रिकामी होती. "सकाळीच उडाले," दुकानदार कौतुकाने म्हणाला. "मुका बेडूक द्या, मुका बेडूक द्या, नुसती झुंबड. अजून पाठवा ना!"

शाळेचं फाटक उघडं होतं. शिपाई ओळखीचा, काका नातीला न्यायला येत, तेव्हा त्याच्याशी दोन शब्द बोलत. "आज लवकर? थांबा, मधली सुट्टी होतेच आहे," तो म्हणाला. डाव्या हाताला मुख्याध्यापिकेची खोली होती. दार सताड उघडं, बाई आत काहीतरी वाचत बसलेल्या. सांगायचं होतं ते तिथे. काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा. पण पाय उजवीकडे वळले, चिमणीच्या वर्गाकडे.

वर्ग चिडीचूप होता. बाईंनी शुद्धलेखन घातलं होतं. माना खाली, पेन्सिली चाललेल्या, आणि पेन्सिलींच्या टोकांवर हिरवे बेडूक डुलत होते. कुणी विचार करताना बेडूक ओठांत धरलेला, कुणी दाढेखाली. काका दारातच थबकले. घशाशी आलेली हाक त्यांनी दात आवळून आत दाबली. ओरडायचं नाही. काहीही झालं तरी ओरडायचं नाही.

चिमणी खिडकीजवळच्या बाकावर होती. तिची पेन्सिल बोडकी होती आणि उजवा गाल फुगलेला.

तेवढ्यात तिने वर पाहिलं. आजोबा! तिचे डोळे लकाकले, खांदे वर गेले. आता ती हाक मारणार किंवा खिदळणार, म्हणजे आधी श्वास घेणार. काकांनी हसरा चेहरा केला आणि भर वर्गाच्या दारात उभं राहून मोठा आ केला. जीभ बाहेर काढली.

डॉक्टरीणबाई क्षणभर गोंधळल्या. मग पाळी आपली आहे हे तिला कळलं. तिने हळूच आ केला. जिभेवर बेडूक होता, काकांकडे तोंड करून हसणारा.

काका बाकांमधून सावकाश चालत गेले. दोन बोटं पुढे केली आणि बेडूक उचलला. त्यांनी तो खिडकीकडे धरला. एवढा चोखूनही ठिपका नव्हता.

मग मात्र ते तिच्या शेजारी बाकावर कोसळल्यासारखे बसले. बाई जवळ आल्या तेव्हा त्यांनी कुजबुजत सगळं सांगितलं. बाई समंजस. एकही शब्द मोठ्याने न बोलता रुमाल पसरून त्या बाकाबाकाशी गेल्या, आणि पोरांनी काहीतरी नवा खेळ समजून बेडूक मुकाट्याने रुमालात टाकले. काकांनी चिमणीच्या पाठीवर हात ठेवला होता. तळहाताखाली तिचा श्वास जात होता, येत होता. इतकं सुख त्यांना कुठल्याच शिट्टीने दिलं नव्हतं. डोळा पाझरायला लागला, आणि ते पाणी ऑपरेशनचं नव्हतं.

बाई रुमालाची गाठ मारत परत आल्या. "बाकीच्या वर्गांतही असतील ना हे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "ऑफिसात सांगून आलात ना तुम्ही?"

मुख्याध्यापिकेच्या खोलीचं ते उघडं दार काकांना आठवलं आणि ते ताडकन उठले.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. दारं धडाधड उघडली, जिन्यावरून पावलांचा लोंढा उतरला आणि खिडकीखालचं पटांगण पोरांनी भरून गेलं. त्या कल्लोळातून एका बाईचा आवाज वर चढला, चिरका, जिवाच्या आकांताचा.

"अगं थुंक! थुंक आधी ते!"