धूर, दोरी आणि पांढरे कोट

थंडी पडली की गावातली माणसं खूश व्हायची. ताईला मात्र नुसतं अंगावर आल्यासारखं व्हायचं. ताई म्हणजे मागच्या गल्लीतली लॉन्ड्रीवाली. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि तळमजल्यावरच्या खोलीत तिनं धुलाईचं काम सुरू केलं. वरच्या खोलीत आई राहायची. भिंतीला भिंत लावून धाकट्या भावाची बेकरी होती. सगळे त्याला धाकटाच म्हणत, डोक्यावरचे केस गेले तरीही.

ताईचं बहुतेक काम एका दवाखान्याचं. डॉक्टरांचे कोट, नर्सबाईंचे गणवेश, पलंगावरच्या चादरी. सगळं पांढरंशुभ्र. रंगीत कपडा चार डाग पोटात घालतो, पांढरा कपडा चुगलखोर असतो, असं ती म्हणायची.

त्यांचं गाव उंचावरच्या पठारावर, पण चहूबाजूंनी टेकड्या. पावसाळ्यात हवा धुऊन निघायची. उन्हाळ्यात वारा एवढा, की चिमटे उडून शेजारच्या गच्चीत जात. पण थंडीत पहाटे वारा पडायचा आणि गार हवा गावावर झाकणासारखी बसायची. धाकट्याच्या भट्टीचा धूर धुराड्यातून बाहेर पडायचा, जरा वर जायचा, आणि दमल्यासारखा परत खाली उतरायचा. उतरायचा तो नेमका गच्चीवरच्या ताईच्या दोऱ्यांवर.

एका हिवाळ्यात दवाखान्याच्या मेट्रननं धुतलेल्या कपड्यांचं अख्खं गाठोडं परत पाठवलं. प्रत्येक कोटाच्या खांद्यावर काजळीचे बारीक ठिपके. ताई गाठोडं तसंच उचलून बेकरीत गेली आणि तिनं ते पिठाच्या टेबलावर आपटलं.

"बघ! तुझ्या धुराड्यानं माझ्या पोटावर पाय दिलाय."

"अगं, पीठ सांडलं ना," धाकटा म्हणाला. "थंडीत धूर वर जात नाही, त्याला मी काय करू? खाली उभा राहून फुंकर मारू?"

"लाकडं जाळणं बंद कर."

"आणि पाव काय इस्त्रीवर भाजू?"

वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "भांडा, पोटभर भांडा. पण दार लावून. धूर आत येतोय."

त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद झालं. निरोप आईमार्फत जायचे. "त्याला सांग, जिन्यातली लाकडं उचल." "तिला सांग, पाण्याची मोटर बंद कर." मधल्यामध्ये आईला खोकता खोकता दोन्हीकडची बाजू सांभाळावी लागायची. ताई ते सगळे कोट पुन्हा भिजवायची, पुन्हा चोळायची. संध्याकाळी बोटं सरळ होत नसत. रागवायलाही जोर लागतो, आणि तिच्याकडे तो उरला नव्हता. तरी ती सवयीनं रागवत राहिली.

मग एका सकाळी आईला श्वास पुरेना. ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून होती. ताईनं खिडकीतून नुसतं "अरे ए!" म्हटलं. धाकटा पिठाच्या हातांनीच धावत वर आला. जिना अरुंद. दोघांनी आईला खुर्चीत बसवलं, एकानं पुढून, एकीनं मागून धरलं आणि पायरी पायरी करत खाली आणलं. पावाच्या गाडीतले ट्रे रस्त्यावर काढून ठेवले आणि आईला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तोंडावर वाफेचा मास्क बांधला. जरा वेळानं विचारलं, "घराजवळ कसला धूर असतो का?"

धाकट्यानं मान खाली घातली. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या, अचानक म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"थंडीत सगळ्या गावातच असतो, डॉक्टर," ती म्हणाली.

घर आल्यावर तो म्हणाला, "तू सांगायला हवं होतंस."

"सांगून काय झालं असतं? आईचा जीव वर-खाली होत होता, तुझी चूक कुठे काढत बसू?"

त्या उन्हाळ्यात धाकट्यानं बापाच्या वेळची भट्टी पाडली आणि विजेची घेतली. नेहमीची गिऱ्हाइकं कुरकुरली, पावाला पूर्वीची चव नाही म्हणाली. तो ऐकून घ्यायचा. ताईनं मात्र थंडीची पहिल्यांदाच वाट पाहिली. पहिल्या गार सकाळी तिनं सगळे कोट गच्चीवर पसरले आणि खाली जाऊन निवांत चहा घेतला.

दुपारी वर गेली, तर खांद्यांवर ठिपके होतेच. थोडे कमी असतील, पण मेट्रनच्या नजरेतून सुटणारे नव्हते.

तिनं धाकट्याला हाक मारली. तो वर आला, कोटावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. "माझा धूर बंद आहे गं," तो म्हणाला. लहानपणी काच फुटली की असाच आवाज काढायचा.

"माहितीये मला."

दोघं कठड्याशी उभे राहिले. टेकडीपासून टेकडीपर्यंत तपकिरी थर पसरला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याचे ढीग धुमसत होते, घराघरांतून पाणी तापवायच्या चुलींचा धूर निघत होता, बाहेरच्या रस्त्यावर मालट्रकची रांग, त्यापलीकडे वीटभट्ट्या. कितीतरी वर्षं ताईला रागवायला हक्काचा एक माणूस होता. आता कुणाकुणाच्या दारात गाठोडं आपटायचं? ती कठड्यावर टेकून नुसती बघत राहिली.

"म्हणजे मी भट्टी उगाच मोडली," धाकटा म्हणाला.

"उगाच कशी? आई काल खिडकी उघडून बसली होती. खोकली, पण बसली."

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं जळाऊ लाकडांची खोली झाडून घेतली, चुना मारला आणि आडव्या दोऱ्या बांधल्या. खोली नव्या भट्टीच्या पाठीला, त्यामुळे कायम ऊबदार. थंडीभर ताई कपडे तिथं वाळवू लागली. गच्ची चढायची वाचली. ओल्या कपड्यांच्या बादल्या गल्लीतून न्यायच्या एवढंच. कंबर तेवढीच दुखायची.

आठवड्यानं मेट्रननं बोलावलं. ताई हात पुसून तशीच गेली.

"डाग नाहीत," मेट्रन म्हणाली. "पण कोटांना पावाचा वास येतोय."

"चालत नसेल तर काहीतरी बघते, बाई."

"चालतं. फक्त दहालाच सगळ्यांना भूक लागते."

ताईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई हसली, हसता हसता खोकली, आणि धाकट्यानं पाण्याचा पेला पुढे केला.

थंडी सरली तसा वारा सुटला. गावावरचा थर फाटला, टेकड्या पुन्हा स्पष्ट दिसू लागल्या. ताईनं कोट उचलून गच्चीवर नेले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी माळावरची लाल धूळ आली.

"धाकट्या," तिनं वरून हाक मारली, "ती खोली अजून रिकामीच आहे ना?"

"रिकामीच आहे," तो खालून ओरडला. "ये घेऊन."

ती पायऱ्यांवर जरा टेकली, दम घेतला आणि कोट काढायला उठली.