पांढऱ्या हातमोज्याचं माप

समजा, तुम्ही बर्फात उभे आहात. हातात प्रकाशमापक आहे, समोर माणूस. मापकाला माणूस कळत नाही. पुढ्यात येईल ते सगळं मध्यम करडं आहे असं धरून तो काटा हलवतो. बर्फ दाखवलात तर म्हणेल, उजेड फार आहे, कॅमेऱ्याचा झरोका बारीक करा. ऐकलंत त्याचं, की बर्फ करडा आणि माणूस काळा. म्हणून नॉर्वेतल्या रोरोस गावात फोटोवाले स्वतःच्या उघड्या तळव्याचं माप घेतात. चेहरा सावलीत असेल तर तळवाही सावलीत. तळवा करड्याहून उजळ, म्हणून मग झरोका एक घर वाढवतात.

तिथे फोटोचं दुकान चालवणाऱ्या राग्नफ्रिडला हे बावीस वर्षं तोंडपाठ होतं.

फेब्रुवारीत, उणे एकतीस अंशांत, तिची शेजारीण टोरबियोर्ग क्षयाच्या इस्पितळात निघाली होती. डोक्याला रुमाल बांधून ती फलाटावर सूर्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आटप गं! तुझं मोजून होईतो माझा पुतळा होईल."

"होऊ दे," टोरबियोर्गचा नवरा ओड्वार म्हणाला, "पुतळा निदान गप्प बसतो."

तिघंही हसले. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. राग्नफ्रिडने गडबडीत माप घेतलं आणि फिल्मवर उरलेलं शेवटचं चित्र टिपलं. ना हातमोजा काढला, ना हात सावलीत नेला. पांढऱ्या लोकरीवर लख्ख ऊन. म्हणजे मोजला तो बर्फच.

फिल्म तिने त्याच आठवड्यात धुतली. तेव्हापासून ओड्वारला ती सांगत होती, "अजून धुतली नाही रे."

जूनमध्ये टोरबियोर्ग तिकडेच वारली. आज ओड्वार दुकानात येऊन बसला होता.

"चेहरा तेवढा दे, राग्नफ्रिड. धाकटी दीड वर्षाची आहे, तिच्याजवळ काय राहणार? आणि मलाही... नाक आठवतं, डोळे आठवतात, एकत्र जुळत नाहीत."

आतल्या खोलीत तिने सगळ्यात कडक कागद घेतला, पुसटातला पुसट फरकही ठळक करणारा. रसायनाच्या तबकात गाडीचा डबा उमटला, बर्फ उमटला, रुमालाची किनारही उमटली. किनारीच्या आत काळं भोक. दुसरा कागद. तिसरा. तेच.

फिल्म दाट करायचं एक रसायन फळीवर होतं. ते असलेलं वाढवतं, नसलेलं आणत नाही. आणि बिघडलं तर किनारही खाऊन टाकतं. तिने फिल्म खिडकीशी धरली. चेहऱ्याच्या जागी ती काचेसारखी आरपार; उजेड पोचला नाही की फिल्म तशीच राहते. तिरकी केल्यावर एक पुसट रेघ दिसली. भुवई असेल. ओरखडाही असेल.

"झालं का गं?" बाहेरून ओड्वारने विचारलं.

तिने बाटलीचं बूच काढलं, पुन्हा लावलं. शिट्टी वाजली त्या क्षणी टोरबियोर्गच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेड या फिल्मपर्यंत पोचला तरी होता का?