न केलेल्या प्रवासांचा नकाशा

दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणून बांधायचा, त्यावर एकदा नख मारायचं आणि मान तिरकी करून म्हणायचं, “पाहा बाबू, हे मानसाचं मन चाललं.” एवढं झाल्याशिवाय चाचांचा एकही दोरा नकाशावर लागत नसे.

सगळी कचेरी त्यांना चाचा म्हणायची, म्हणून तुम्हीही चाचाच म्हणा. सत्तरच्या दशकाचा मधला काळ. आमचा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा. मंगरूळपीरला एक लांबट, कौलारू खोली होती, तिथून आजूबाजूच्या तालुक्यांचे रस्ते आणि गाड्या यांची आखणी चाले. आखणी चाले म्हणजे काय, तर चाचा आणि मी असू. ते पाहणी करायचे, मी ट्रेसर. ते जे शोधून आणतील ते मी पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचो. दुपारी पंखा नसे, बाहेरच्या निंबाची सावली टेबलावर हलत राहायची, आणि चाचा मुंबईच्या गोष्टी सांगत.

ते तिथं काही महिने शिकायला जाऊन आले होते. समुद्र, सिनेमा, यातलं काही त्यांच्या बोलण्यात नसे. त्यांना भूल पडली होती ती एका टेबलाची. “मोठ्या शहराच्या आजूबाजूनं धा गावच्या धा नगरपालिका राह्यते,” ते म्हणायचे, “पन मानूस झोपते एकीत अन् कामाले जाते दुसरीत. मंग रस्ता कोनाचा? म्हनून सारे एका टेबलाशी बसते. आंधी मोजते, मंग नकाशा काढते, मंग साऱ्याईची मिळून एकच यादी. त्या नकाशावर गावाच्या शिवा नाही दिसत बाबू, जानं-येनं दिसते.” हे सांगताना त्यांचा चहा हमखास गार व्हायचा.

त्यांनी तसंच टेबल आमच्याकडे मांडायचं ठरवलं. मंगरूळपीर, वाशीम, कारंजा, सगळीकडचे सदस्य घेऊन एक समिती झाली. तिनं दरवर्षी तीन रस्ते निवडायचे, त्यांवर आधी मुरूम पडणार आणि मग एसटीला गाडी मागायची, असं ठरलं.

मोजणीसाठी आम्ही स्टँडवर बसू. चाचा प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत: कुठून आले, कुठं चालले, अन् काहून? छापील फॉर्मवर ‘का’ हा तिसरा प्रश्न नव्हता, तो त्यांनी पेन्सिलीनं वाढवला होता. लोक बिचकायचे. एक म्हातारेबुवा म्हणाले, “पोरीच्या घरी चाललो. पन तिले सांगू नका, नाहीतं ती सैपाक करून ठेवीन अन् जावई म्हनीन बुढ्यानं निरोप धाडून जेवन मांगतलं.” चाचांनी हे सगळं गंभीरपणे लिहून घेतलं. मग कचेरीत येऊन निघालेल्या गावापासून पोचायच्या गावापर्यंत सरळ दोरा. रस्ता कसाही वळो, दोरा सरळ. “मोठे साहेब याले इच्छारेषा म्हनते,” ते सांगत. दोरे जिथं दाट होतील, तिथं गाडी हवी.

एका दुपारी ते नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. किन्हीराजाच्या आतल्या अंगाला दहा-बारा वस्त्या होत्या, तिथं एकही दोरा नव्हता. “इथच्या मानसाईले कुठंच जायचं नाही काय?” ते म्हणाले. “आपुन स्टँडवर बसून मोजून राह्यलो. जे स्टँडवर पोचलेच नाही, त्याईले कोन मोजन?”

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकली काढल्या. वस्तीवस्तीत चाचा ओट्यावर बसत आणि विचारत, गाडी आली तर कुठं जासान? लोक आधी हसायचे, आणि मग असं काही सांगायचे की मला लिहिणं सुधरेना. बौद्धवाड्यातल्या एक बाई म्हणाल्या, “नागपूरले, दीक्षाभूमीले. आमचे बुवा जाऊन आले छप्पन साली. मी पोटुशी व्हतो, म्हनून रायलो.” एका म्हाताऱ्याला समुद्र पाहायचा होता. मी म्हटलं, चाचा, आपला नकाशा तर अलीकडेच संपतो. “मंग कागद जोड ना बाप्पा,” ते म्हणाले. मी खरंच कागद जोडला. महिनाभर आमच्या नकाशाला पश्चिमेकडून एक पांढरी शेपूट लोंबत होती, आणि तिच्यावरून एकच दोरा गेलेला होता.

शेवटच्या वस्तीत एका घरी चाचा न विचारता आत शिरले. एक बाई खाटेवरच्या माणसाला भरवत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “अम्मी कैसी है?” ती चाचांची थोरली बहीण, आपा. नवऱ्याला लकवा झालेला. दिवसा शेजारीण त्याच्याजवळ बसायला तयार होती, पण रात्री त्याची कूस बदलायला आपांशिवाय कोणी नव्हतं. मंगरूळला माहेरी अम्मी खाट धरून. बैलगाडीनं तिथवर जायलाच दिवस मोडायचा, आणि आपांना तर सांजेच्या आत परत घरी असायला हवं होतं. मायलेकी नऊ वर्षं भेटल्या नव्हत्या. चाचा सायकलीवरून निरोप ने-आण करत तेवढंच. सकाळी जाणारी आणि सांजेला परतणारी एक गाडी असती, तर काम झालं असतं.

परतताना मी पाहिलं, चाचांनी आपांचं नाव लिहिलंच नव्हतं. “घरचा दोरा लावता येत नाही बाबू,” ते म्हणाले आणि पायडल मारत पुढे गेले.

याचं कारण त्यांनीच समितीत घालून दिलेला नियम. ज्याच्या माणसाला रस्त्याचा फायदा, त्यानं त्या रस्त्याच्या वेळी बाहेर जायचं. मुंबईत तो चालत असेल. आमच्याकडे पहिल्याच रस्त्याला एकाची सासुरवाडी निघाली, दुसऱ्याचा साडू, तिसऱ्याचं मामेकुळ. एकेक करत सगळे व्हरांड्यात गेले आणि खोलीत चाचा, मी आणि चपराशी उरलो. समितीवरचे कापसाचे एक व्यापारी दारातून डोकावून म्हणाले, “चाचा, आता तुमीच तिघं ठराव पास करून टाका!” हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग नियम आवळला: फक्त आईबाप, सख्खी भावंडं, पोरं आणि स्वतःचं शेत-वावर.

आणि आतल्या वस्त्यांच्या रस्त्याचा पुकारा झाला तेव्हा चाचा उठले.

“तुमी काहून उठून राह्यले? हा रस्ता तं तुमीच आनला ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“माही सख्खी बहीन राह्यते तिथं,” चाचा म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले.

त्या वस्त्यांचा एकही माणूस समितीवर नव्हता. अध्यक्ष म्हणाले, या रस्त्याबद्दल कोणाला काही सांगायचंय? व्यापारी म्हणाले, तिथून कोणी प्रवासच करत नाही, कागदावर न केलेले प्रवास दाखवलेत. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओट्यांवर मी बसलो होतो. मला सगळं पाठ होतं. पण मी पडलो ट्रेसर, पंचवीस वर्षांचा, नोकरी कच्ची. मी माझ्या पेनाच्या निबकडे पाहत बसलो. हात मोजले तेव्हा रस्ता चौथा आला, आणि यादी तीनच रस्त्यांची होती.

बाहेर आलो तर चाचा निंबाखाली उभे होते. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं असणार.

“कोनी बोललं का?”

“नाही.”

“तुले बोलाचं नव्हतं काय?”

मी बोटांवरची शाई पुसत राहिलो. ते थोडा वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून राहिले. “असू दे. पुढच्या साली पाहू,” म्हणाले. त्यांनी रागवायला हवं होतं. ते रागावले नाहीत हे मला अजून सोसत नाही.

त्या हिवाळ्यात अम्मी गेल्या. निरोप घेऊन चाचा सायकलीवरून आपांकडे गेले, आणि आपा येऊ शकल्या नाहीत. दफन उशिरापर्यंत थांबवता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी तोच रस्ता आला. चाचा पुन्हा उठले, पुन्हा दार ओढून घेतलं. या खेपेला मी उभा राहिलो. मी समुद्राचं सांगितलं, दीक्षाभूमीचं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, एका बाईला मंगरूळला आईला भेटायचं होतं, आता त्याची गरज उरली नाही, पण बाकीच्यांना आहे. मग त्या व्यापाऱ्यांनीच पहिला हात वर केला. रस्ता दुसरा आला.

गाडी सुरू झाली त्या दिवशी आपा आल्या. अंगावर धुऊन जपून ठेवलेलं लुगडं, हातात कपड्यात बांधलेल्या दोन भाकरी. चाचा त्यांना घेऊन कबरस्तानाकडे निघाले आणि मलाही चल म्हणाले. बायका आत जात नसत. आपा बाहेर दगडी भिंतीशी उभ्या राहिल्या, हात भिंतीवर टेकून. चाचा आत गेले. झाडीत ते दिसेनासे झाले, फक्त आवाज आला. कानानं अधू असलेल्या माणसाशी बोलावं तसे ते मोठ्यानं म्हणाले, “अम्मी, आपा आयी है.”

परतीची गाडी सुटायची वेळ होत आली होती. मी धावत स्टँडवर गेलो आणि ड्रायव्हरच्या खिडकीला धरून म्हणालो, दादा, पाच मिनिटं थांबा.

“काहून? कोन येनार हाये?”

“एक बाई आहेत. आईला भेटायला आल्यात,” एवढंच म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. “भेटू द्या मंग,” तो म्हणाला.

चाचांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी गाडी पाच नाही, चांगली वीस मिनिटं उशिरा सुटली, आणि आत बसलेल्या एकाही माणसानं घड्याळाकडे पाहिलं नाही.