सासूच्या जिभेचं मीठ

माझी थोरली मुलगी दहा महिन्यांची असताना जुलाबाने मरता मरता वाचली. त्यात माझीही चूक होती, म्हणून लिहिते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही घणसोली गावात राहायचो. घरातली सगळी माणसं मिठागरावर कामाला. माझं माहेर नावड्याचं, भातशेतीचं. मिठाच्या राशी मी लग्नानंतरच पाहिल्या. सासूचा जन्म मात्र मिठागरातच गेलेला. तिच्या टाचांच्या भेगांत मीठ असायचं, आणि कालवणातही. सुरुवातीला तिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरायचं नाही. मी तसं म्हणाले, तर वर्षभर "सपक तोंडाची" म्हणून ऐकून घ्यावं लागलं. मग मी बोलणंच सोडलं. आमच्या घरात काय खारट नि काय अळणी, ते तिची जीभ ठरवायची.

त्या उन्हाळ्यात मुलीला पातळ जुलाब सुरू झाले. आमच्याकडे रीत अशी, की जुलाब लागले की पोराचं पाणी बंद, दूधही बंद. आदल्या वर्षी जावेचा मुलगा जुलाबानेच तिसऱ्या दिवशी गेला होता, त्याचंही पाणी बंदच होतं. पण त्या दोन गोष्टी कुणी जोडून पाहिल्या नाहीत. दात येताना मुलं जातातच, असं म्हणून सगळे मोकळे झालो. त्या सगळ्यांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लस टोचायला गावात नर्सबाई आल्या. मूळच्या देशावरच्या, वाशीला नव्या इमारतीत राहायच्या. मी मुलीला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"रडतेय, पण डोळ्यांत पाणी नाही," त्या म्हणाल्या. "लघवी कधी झाली?"

"काल दुपारी."

"पाणी देताय ना?"

मी सासूकडे पाहिलं. सासू पुढे झाली. "भोक पडलेल्या घागरीत पानी वततान का बाय? वरून वतला का खालून जाते."

"आजी, गळकी घागर भरत राहिलं नाही तर रिकामी होते. हिची झालीय."

मग त्यांनी मला समजावलं. डॉक्टर लोकांनी शोधून काढलंय, म्हणाल्या, की जुलाब चालू असतानाही आतडं पाणी शोषून घेतं. फक्त पाण्यात मीठ आणि साखर दोन्ही पाहिजेत. उकळून गार केलेलं पेलाभर पाणी, चहाचा सपाट चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. चमच्याने थोडं थोडं पाजत राहायचं, अंगावरचं दूधही पाजायचं. "मी दुपारी येते. लघवी झाली नसेल तर मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

एवढ्याशा गोष्टीने मूल वाचतं हे मला पटलं नव्हतं. तरी पाणी केलं. सासूने त्यात बोट बुडवून चाखलं.

"मीठ इसरलीस का गो? अळनी हाय."

आणि तिने डब्यातलं खडेमीठ त्यात टाकलं, चांगलं हाताला येईल तेवढं. मी चाखलं. मला खारट लागलं. बोलले नाही. तेच पाजलं. मुलगी ओकली, मी पुन्हा पाजलं, ती पुन्हा ओकली. दुपारपर्यंत तिचा आवाजही बसला.

नर्सबाई आल्या, त्यांनी पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि अंगणात जाऊन थुंकल्या.

"हे पाणी आहे की खाडी?"

"बराबर हाय," सासू म्हणाली. "मी सोता चाखलाय."

"आजी, तुमची जीभ मिठागरात मुरलीय. एवढ्या मिठाने पोरगी आणखी सुकेल. डोळ्यातल्या पाण्याहून जास्त खारट होता कामा नये." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही चाखलं होतं?"

"हो."

"मग?"

मी पदराने मुलीचं तोंड पुसलं.

त्यांनी ते पाणी ओतून दिलं, माझ्याकडून नवं करून घेतलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी चमचा चमचा पाजत राहिले. आता ओकत नव्हती. दोन पेले पोटात गेले. उन्हं कलली तेव्हा माझी मांडी गरम झाली.

"मुतली," मी म्हणाले.

नर्सबाईंनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि पिशवी उचलली. मी लुगडं बदलायला उठले नाही. ओल्या मांडीवर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पेला संपला तसा मुलीने भोकाड पसरलं, आणि या वेळी गालावरून पाणी ओघळलं. सासूने ते बोटाने टिपलं, जिभेवर ठेवलं.

"अळनीच हाय," ती म्हणाली. मग रिकामा पेला तिने माझ्याकडे सरकवला. "कर आनखी. आनि तूच चाख."