जुना सर्व्हर चालूच होता

५ डिसेंबर. आमच्या सोसायटीचं संकेतस्थळ दुसऱ्या होस्टकडे हलवायचं आहे. तंत्रज्ञाला लांबून साइटच्या आत येऊ देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याच्यासाठी वेगळं खातं उघडलं, मुदत घातली आणि पोलिसातल्या नोकरीतलं, दिल्लीच्या द्वारकेचं ते प्रकरण जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं.

द्वारका तेव्हा अर्धीच उभी होती. थंडीच्या धुक्यात इमारतींचे वरचे मजले विरघळून जात आणि विमानं नुसती ऐकू येत. तिथे एक मराठी बाई घरातूनच विवाहमंडळाचं संकेतस्थळ चालवायच्या. त्यांनी जमवलेल्या एका लग्नाचा साखरपुडा तोंडावर आला असताना मुलाकडे निनावी फोन गेला, की मुलगी पूर्वी घरातून पळून गेली होती. साफ खोटं. पण मुलाकडचे बोलेनासे झाले. मुलीची आई पोलीस ठाण्यात माझ्यासमोर बसली होती. लग्न मोडलं तर मोडू दे, म्हणाली, पण हा डाग पोरीला जन्मभर पुरेल.

मुलाकडचा नंबर मंडळ कुणालाही देत नसे. म्हणजे तो संकेतस्थळावरूनच गेला होता.

टीप दिली बाईंच्या दिरांनी. संकेतस्थळ मुळात त्यांनीच बनवलेलं. खुर्ची ओढून बसले. "साइट हलवताना वहिनींनी फरीदाबादच्या एका मुलाला आत घेतलं होतं, मॅडम. परका माणूस. बाकी तुम्ही समजदार आहात."

त्या तंत्रज्ञाला बोलावलं. तो घाबरला नाही, वैतागला. "मॅडम, दीदी ने मेरा खाता उसी शाम बंद कर दिया था. मुझ पर आपसे ज़्यादा शक तो वो करती हैं."

बाईंकडे खात्री केली. पासवर्ड अर्धा फोनवर, अर्धा मेलवर दिलेला. काम होईपर्यंत त्या स्क्रीनसमोरून हलल्या नव्हत्या, आणि झाल्याबरोबर खातं पुसलं होतं. मी त्याला चहा पाजून सोडलं. जाताना त्यानेच समजावलं. साइट हलवतात म्हणजे सामान उचलून नेत नाहीत, त्याची नक्कल नव्या जागी मांडतात. जुनी जागा, म्हणजे जुना सर्व्हर, कुणी बंद करेपर्यंत तशीच राहते. मला एक रिकामं घर दिसू लागलं. भांडी जागच्या जागी, दिवे लागलेले, फक्त कुणी येत नाही.

मग तक्रार पुन्हा वाचली. निनावी फोन आला होता करोल बागेतल्या घरी, मुलाच्या काकांकडे. मुलाकडचे तिथून द्वारकेला राहायला आले होते आणि साइट हलवल्यानंतर बाईंनी नव्या साइटवर त्यांचा नंबर बदलला होता. नव्या साइटवर करोल बाग नव्हतंच.

मी दिरांच्या घरी गेले. मुलाकडे बोलायचंय, म्हटलं, नंबर मिळेल का? ते तत्परतेने कॉम्प्युटरसमोर बसले, साइट उघडली आणि मोठ्याने आकडे वाचून दाखवले. करोल बागेचे.

पुढची चौकशी लांबली नाही. त्या मुलीने पूर्वी दिरांच्या मुलाला नकार दिला होता.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजींनी एवढ्या हौसेने केलेलं. ती जुनी साइट बंद करते, पासवर्ड परत द्या, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?"

परक्यासाठी पहारा आणि घरच्यासाठी भीड. नंतरच्या नोकरीत मी प्रत्येक चोरीत आधी हेच विचारलं, की किल्ली परत मागायला कुणाला संकोच वाटला?

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या साडीत मुलाच्या घरी गेले. फोन खोटा होता, करणाऱ्याने लेखी कबुली दिली आहे, एवढंच सांगितलं. मुलाच्या आईने वहीतून मुलीकडचा नंबर काढून माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "मुलीकडे आत्ता फोन केला तर फार लवकर होईल का?"

"नाही," मी म्हटलं, नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.